धुतलेला मफलर

हॅगथॉर्प,
रविवार, १८ मे १९५८

प्रिय आर्नोल्ड,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र बुधवारी मिळालं. काठी टेकत जिना उतरलास हे वाचून जीव भांड्यात पडला. समुद्राची हवा मानवली म्हणतोस, आणि तिथल्या जेवणाला नावंही ठेवतोस, म्हणजे तब्येत खरंच सुधारलेली दिसतेय.

इकडे सगळं ठीक. तुझ्या लीकच्या, त्या लांब कांद्यांच्या वाफ्यात गोगलगाई शिरल्या होत्या. शेजारचा एमॉस रोज सकाळी येऊन राख टाकून जातो आणि त्याबद्दल दोन कप चहा वसूल करतो. मंगळवारी खाणीचा भोंगा उशिरा वाजला, तर अख्खी गल्ली उशिरा उठली, पाद्रीबुवांसकट. स्वयंपाकघराच्या दाराला मी हिरवा रंग दिलाय. तुला आवडणार नाही, पण आता दिलाय.

जेस छान आहे. खुराक-मेहनत तू घालून दिलीस तीच. सकाळी पंजे टणक व्हावेत म्हणून पक्क्या रस्त्यावरून चाल, मग मांड्या चोळायच्या, संध्याकाळी वजडी. दीड वर्षाचं पोर ते, पण अंगात नुसता वारा भरलाय.

तू लिहिलंस की इस्पितळातल्या सगळ्या वॉर्डला सांगून झालंय, 'माझी व्हिपेट कुत्री दोनशे यार्ड बारा सेकंदांच्या आत काढते, आणि सणाच्या सोमवारी शर्यतीत पलीकडच्या टोकाला मी मफलर हलवत उभा असेन, मग बघा.' आणि खाली लिहिलंस, 'खाणीत परत उतरता येणार नाही म्हणतात. असो. जेस आहे.'

ते पत्र मी चार दिवस ॲप्रनच्या खिशात घेऊन फिरतेय.

मी कळवलेल्या वेळा खऱ्या आहेत, आर्नोल्ड. एमॉसच्या घड्याळावरच्या आहेत, आणि एमॉसला खोटं बोलायची वेळ आली की खोकला येतो हे तुला माहीत आहे. फक्त पलीकडच्या टोकाला कोण उभं होतं, ते मी एकाही पत्रात लिहिलं नाही.

तुला खाणीत अपघात झाला त्या आठवड्यात जेस दारापाशी बसून रडायची. अन्नाला तोंड लावेना. तू बजावून ठेवलं होतंस, स्वयंपाकघरातल्या पेटीतच झोपवायचं, लाड करायचे नाहीत. तिसऱ्या रात्री मी तिला वर नेलं. गोधडीत शिरली आणि माझ्या पोटाशी मुटकुळं करून झोपली. एकच रात्र, म्हटलं. पण ती कुठली ऐकतेय! आणि खरं सांगायचं तर मी तरी तिला कुठे खाली पाठवलं?

मार्चमध्ये आम्ही तुझ्या मफलरवर तिला धाववायचो. मी इकडे धरून ठेवायची, एमॉस पलीकडे मफलर हलवत ओरडायचा. धावायची, पण मन लावून नाही. तेरा सेकंदांच्या वरच. एकदा एमॉसची कंबर धरली, म्हणून त्याच्या बायकोनं जेसला धरलं आणि पलीकडे मी उभी राहिले. मफलर घरी विसरला होता. मी ॲप्रन सोडला आणि तोच हलवला.

एमॉस घड्याळाकडे बघतच राहिला. "एडना, हे बिघडलंय का गं?"

"अकरा?"

"अकरा आणि थोडं. अगं, ही शर्यत धावत नाहीये. ही घरी निघालीये."

तुला मी लिहिलं, 'बारा सेकंदांच्या आत.' बाकी लिहिलं नाही. तूच मला शिकवलंस ना, व्हिपेट बक्षिसाकडे धावत नाही, आपल्या माणसाकडे धावते म्हणून? मग ती माझ्याकडे धावली, हे वाक्य मला लिहवेना.

आणि याहून वाईट पुढे आहे. घरी येऊन मी तुझा मफलर धुतला. सोड्याच्या उकळत्या पाण्यात, दोनदा. खाणीतला मफलर कुणी धूत नाही, शर्यतीचा तर नाहीच नाही. मी मनाला सांगितलं की त्याला वास येतो. येतच होता. तुझा येत होता. वाळल्यावर जेससमोर धरला, तर तिनं हुंगला आणि जांभई दिली. मी त्याची नीट घडी घालून कपाटात ठेवला.

तू येणार म्हणून काल मैदानावर चाचणी घेतली. एमॉसनं तुझी टोपी घातली, तो मफलर हलवला, घसा बसेपर्यंत ओरडला. मी तिला सोडलं. वीसएक यार्ड गेली, थांबली, मागे वळली आणि सगळ्यांच्या देखत माझ्या अंगावर येऊन आदळली. कुंपणावर बसलेली माणसं खो खो हसली. कुणीतरी ओरडलं, "आर्नोल्ड आला की पाहुणा म्हणून ओळख करून दे हं तिला!"

मीही हसले. आर्नोल्ड, मला आनंद झाला. चांगला उकळ्या फुटल्यासारखा आनंद. पन्नाशी उलटली माझी, आजवर माझ्याकडे धावत कोण आलंय? मग एमॉसकडे बघितलं, तर तो एकटाच हसत नव्हता. टोपी काढून हातात धरून उभा होता.

"त्याला आधी सांग, एडना," परत येताना म्हणाला. "चार माणसांत कळू देऊ नकोस."

म्हणून हे पत्र. तुझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती आणि तू खाटेला खिळलेला असताना मी ती गोड बोलून काढून घेतली. माफ कर असं म्हणायला तोंड नाही, पण म्हणते.

आता ऐक, आणि थोरल्या बहिणीचं एवढं तरी ऐक. गुरुवारी तू येशील तेव्हा मी घरी नसेन. मैत्रीण मेबलकडे ग्रिम्सबीला चाललेय, दोन आठवडे तरी. किल्ली आणि जेस एमॉसकडे. ओव्हनमध्ये मटण-बटाटा ठेवून जाईन, नुसता गरम कर. तिथल्या नर्सबायांना तुझे कपडे धुऊ देऊ नकोस. अंगातलं बनियन न बदलता तसाच गाडीत बस, लाजू नकोस. आल्यावर ते बनियन तिच्या पेटीत टाक. नाही, पेटीचं राहू दे. तिला वर घेऊन झोप. तुझा नियम मी कधीच मोडलाय. वजडी तुझ्याच हातानं घाल. पहिल्या रात्री ती दारापाशी रडेल. रडू दे, पण जवळ बस.

मफलर कपाटात वरच्या खणात आहे. गळ्यात घाल, वाफ्यात घाम येईपर्यंत काम कर, पायाला जपून. सोमवारपर्यंत चार रात्री आहेत. पुरतील की नाही मला माहीत नाही. मी मैदानावर नसेन, म्हणजे तिला मागे वळून बघायला कुणी असणार नाही. एमॉस सोडेल, तू हाक मार. मला वेळ कळवू नका.

माझ्या गादीवरची चादर, गोधडीची खोळ, सगळं काढून धुतलंय. ॲप्रन आता सोड्यात भिजत घातलाय. जेस टबापाशी बसून त्याच्याकडे बघतेय.

तुझी बहीण,
एडना