महागड्या गिटारीची गुप्त चाचणी

३ जून
ऑफिसच्या बँडमधून माझा सोलो काढायचं घाटतंय. अकरा वर्षं मी वाजवतोय! ड्रमवाला (एरवी डिस्पॅचचा हेडक्लार्क) म्हणतो, ॲन्युअल डेला नव्या टायपिस्टला संधी देऊ. द्या ना! मोठे दानशूर! दोष माझा नाहीच, माझ्या स्वस्त गिटारीचा आहे. त्या फळकुटातून काय सूर निघणार, डोंबल?
निश्चय: महागडी घ्यायची.

५ जून
घेतली. बायकोने विचारलं, बोटं तीच आहेत ना? तळपायाची आग मस्तकात गेली. हिला गिटारीचा पिकअप म्हणजेही टेम्पोच वाटतो.

८ जून
सराव नाही. नव्या तारा रुततात.

९ जून
टायपिस्टकडे स्वतःची गिटारसुद्धा नाही! माझी जुनी दिली. मोठ्या मनाने. तिसऱ्या पट्टीवर खरखरते ते सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

१२ जून
ड्रमवाला म्हणे, महाग-स्वस्त कानाला कळत नाही. याच्या कानाला? ताडकन उठलो आणि चाचणी जाहीर केली. नियम माझे, तीन प्रतींत (टायपिस्टकडूनच टाइप करून घेतले). मी नव्या गिटारीवर, टायपिस्टने जुन्या, दोघांनी एकच सोलो रेकॉर्ड करायचा. क्लिप 'अ' आणि 'ब'. कोणती कोणाची, ते सीलबंद पाकिटात. बँडमधल्या प्रत्येकाने सरस कोणती याचा शेरा लिहून सही करायची. हरेल त्याने सोलो सोडायचा. उद्या कोणी शब्द फिरवायला नको म्हणून शिक्कासुद्धा!

१४ जून, जेवणाची सुट्टी
रेकॉर्डिंग झालं. दोनदा अडखळलो. खुर्ची कुरकुरते. प्यूनला हजारदा सांगून झालंय. मेला ऐकेल तर शपथ.

१६ जून, सकाळ
पहिल्या चार सुरांतच ओळखलं. सर्वांत लांब शेरा माझा. 'ब' हीच महागडी, काय दाणेदार सूर! 'अ' म्हणजे पत्र्याचा डबा. वाजवणाऱ्याने आधी शिकवणी लावावी. सही, शिक्का. बाकी सगळ्यांनीही 'ब'च लिहिलं. अकलेचे कांदे शेवटी ताळ्यावर आले!

१६ जून, संध्याकाळ
पाकीट उघडलं. 'अ' मी.
कोणी हसलं नाही. हसले असते तर भांडता तरी आलं असतं. टायपिस्ट म्हणाली, सोलो तुम्हीच वाजवा, सर. दोष केबलवर ढकलणार होतो, पण माझाच शेरा फाइलला लागला होता. नको म्हणालो.

३० जून
ॲन्युअल डे. तिच्या सोलोला लोक उभे राहिले. मी पडदा ओढत होतो. पडदाही अडकला. वाईट वाटलं. खूप.

२ जुलै
टायपिस्टने जुनी गिटार परत केली, खरखर काढून. घरी बायकोला पाठ करून बसवलं आणि दोन्ही आळीपाळीने वाजवल्या. विचारलं, महागडी कोणती? म्हणाली, मला दोन्ही वेळा तुम्हीच ऐकू आलात.