जन्म माहेरचा, नाव सासरचं

...आणि मी काचेखालच्या फटीतून हात घालून त्या बाईच्या हातातला स्टेपलर धरला. तिने तो सोडला नाही. मीही सोडला नाही. कागद सरकवायला जेवढी जागा ठेवलेली असते तेवढ्या जागेत आम्ही दोन प्रौढ स्त्रिया एका स्टेपलरसाठी ओढाताण करत होतो, आणि मागे रांगेतले लोक आपापले टोकन घट्ट धरून बघत होते. शेवटी रखवालदार आला. त्याने मला दंडाला न धरता, पण धरल्यासारखं करून, कोपऱ्यातल्या खुर्चीवर नेऊन बसवलं. समोर पाटी होती, "कर्मचाऱ्यांशी सौजन्याने वागा". स्टेपलर माझ्या मांडीवर होता. म्हणजे मी जिंकले होते, पण कौतुक करायला कोणी नव्हतं.

दादा, तुला साष्टांग नमस्कार. तो आधी यायला हवा होता, पण राग आधी आला. तुझी पाठ कशी आहे? वहिनींचं ब्लडप्रेशर? मावशीचा गुडघा? (मावशीच्या जिभेची चौकशी करत नाही. ती ठणठणीत असल्याचा लेखी पुरावा माझ्याकडे आहे. त्याच्याकडे येतेच.) इकडील सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे. इकडे क्षेम नाही. माझं डोकं कालपासून ठणकतंय, आणि आईचा जन्म झालेला नाही.

हे शेवटचं नीट सांगते, कारण हे प्रकरण सुरू झाल्यापासून दर फोनवर तू "त्यात काय एवढं, एका सहीचं तर काम आहे" असं म्हणत आला आहेस. मावशी न्हाणीघरात पडली त्या दिवसापासून आईने एकच धोशा लावला आहे, की मी ताईजवळ जाऊन राहते. बाबा गेले, तुमचे अप्पा गेले. तू तिचा मुलगा, तर तू आणि वहिनी नोकरीच्या गावी. मावशीकडे बाई ठेवावी तर दोन दिवसांत तिच्यात खोट काढून ती तिला घालवून देते. आईचं म्हणणं असं की ताईला चालवत नाही आणि मला एकटीला बसवत नाही, दोघी मिळून एक धड बाई होऊ. पण आईचा पासपोर्ट आता इकडचा, आणि साध्या व्हिसावर गेलं तर काही महिन्यांनी परत यावं लागतं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की या हृदयाला विमान एकदाच झेपेल. जायचं असेल तर जाऊन राहू द्या, येरझाऱ्या नकोत. म्हणून तो दाखला हवा, "भारतीय वंशाची व्यक्ती" असा. तो असला की माणूस मरेपर्यंत तिथे राहू शकतो. आईला नेमकं तेवढंच राहायचं आहे.

मला वाटलं, सोपं आहे. आईहून अधिक त्या वंशाचं माणूस माझ्या तरी ओळखीचं नाही. एवढी वर्षं परक्या मुलुखात काढून ती अजून बोटाच्या पेरांवर मोजते आणि शिंक आली की बाहेर पडायची थांबते. पण वकिलातीने हे काम एका ठेकेदाराला दिलंय. त्याची कचेरी एका गाद्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिना चढताना खाली लोक गाद्यांवर झोपून बघत असतात आणि वर लोक उभ्याने झोपलेले असतात. तिथला साहेब आपल्यातलाच, मराठी बोलणारा. (परका असता तर भाषेवर खापर फोडता आलं असतं. तीही सोय नाही.) मी त्याला चष्मेवाला म्हणते, कारण त्याचा चष्मा गळ्यात साखळीला लोंबत असतो आणि नाही म्हणायचं असेल तेव्हाच तो नाकावर चढतो.

आता आपल्या लोकांची रीत तुला माहीत आहे. बाकीच्या जगात लग्न झालं की बाईचं फार तर आडनाव बदलतं. आपल्यात मधलं नाव बापाचं, तेही जातं आणि तिथे नवरा येऊन बसतो. आईच्या वेळी तर पहिलंही जायचं. तीनातली तिन्ही. दरोडा घालून फरार झालेल्या माणसानेसुद्धा इतकी चोख तयारी केली नसती. बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, छान छान म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तो तांदूळ शिजवून पाहुण्यांना वाढला. नाव बदलल्याचा तेवढाच पुरावा होता. तो वऱ्हाडाने खाल्ला.

तेव्हा शाळेच्या दाखल्यावर एक मुलगी आहे आणि पासपोर्टवर एक म्हातारी आहे. कचेरीच्या मते ती मुलगी कधी मोठी झाली नाही आणि ही म्हातारी कधी लहान नव्हती. मी आईला मुद्दाम बरोबर नेलं. म्हटलं, समोर बघितल्यावर तरी लाज वाटेल.

"आजी, जन्माचा पुरावा आहे, पण तो तुमचा नाही," चष्मेवाला म्हणाला.

"मग कुणाचा रे बाळा?"

"या मुलीचा."

"अरे, ती मीच."

"तसं कागदावर दिसत नाही ना, आजी."

"जन्मलेच नसते तर तुझ्यापुढे उभी कशी राहिले असते?"

"उभ्या कशाला राहताय? बसा ना."

मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाला की मॅडम, तुमच्या आईंचा जन्म झालाय हे मी माणूस म्हणून मान्य करतो, कचेरी म्हणून नाही. (दादा, मी कवळ्या बनवते. माझ्या कामात एकाचं माप दुसऱ्याच्या तोंडात गेलं तर गिऱ्हाईक त्याच दिवशी परत येतं, आ करतं, आणि चूक सगळ्यांना दिसते. इथे रोज कोणाचं काय कोणाच्या तोंडात घालतात आणि वर सही घेतात.)

मी लग्नपत्रिका नेली. तिच्यावर माहेरचं नाव, कारण पत्रिका छापताना सासरचं नाव अजून तांदळात उतरलेलं नसतं. मी लग्नाचा फोटो नेला. त्यात आई खाली बघते आहे. चेहरा स्पष्ट नाही, असं लिहून फोटो परत आला. त्या काळी नवरीचा चेहरा स्पष्ट दिसला असता तर लग्नच मोडलं असतं, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? शेवटी त्याने तोड सांगितली. रक्ताच्या नात्यातलं, वयाने मोठं, दोन्ही नावं माहीत असलेलं कोणी हयात असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आणा, की ही दोन्ही नावं एकाच बाईची. अख्ख्या जगात असं माणूस आता एकच उरलंय. तुझी आई.

तू "करतो गं" म्हणालास आणि, खोटं कशाला बोलू, केलंसही. पाकीट आलं. मी ते कपाळाला लावलं आणि आईला घेऊन तसंच खिडकीवर नेलं. न वाचता. तूही न वाचता पाठवलंस, नोटरीनेही न वाचता शिक्का मारला. ते वाचणारा पहिला माणूस चष्मेवाला. त्याने चष्मा चढवला तेव्हाच मी समजायला हवं होतं. मग त्याने ते मोठ्याने वाचलं, सगळ्या रांगेसमोर. मावशीने आईचं माहेरचं नाव घालून लिहिलंय की ही माझी सख्खी धाकटी बहीण. इथवर ठीक. पुढे सासरचं नाव, आणि मग असं, की "हे नाव आमच्या आईवडिलांनी ठेवलेले नाही, मला ते मान्य नाही, व या नावाच्या कोणत्याही बाईशी माझा काडीचाही संबंध नाही." खाली सही. स्वच्छ, वळणदार, वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीची.

खिडकीवरच्या बाईने तो कागद घेतला, फाईलवर ठेवला आणि स्टेपलर उचलला. एकदा टाचला की दाखल झाला. पुढचं वर लिहिलंच आहे.

मावशी ते नाव तोंडातून काढत नाही हे मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. "मुलगी नेताय तर न्या, नाव तरी इथे ठेवून जा," असं ती भर मांडवात बाबांच्या आईला म्हणाली होती. बाणेदार आहे, मान्य. पण बाणेदारपणा नोटरीपुढे कशाला? तिथे खरं बोलायचं नसतं, जुळणारं बोलायचं असतं. त्या कागदावर तिच्याच बहिणीचं येणं अडलंय हे तिला कोणी सांगितलं होतं का? की तू "आई, तुला हवं ते सांग त्यांना" म्हणून पान खायला बाहेर गेलास? काल फोनवर हेच विचारणार होते. तू घरी नव्हतास, म्हणून वहिनींना बोलले. त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, झालं का? त्याने मला आणखी राग आला.

आणि आईचं ऐक. जिना उतरून आलो तर ती गाद्यांच्या दुकानापाशी थांबली. मला वाटलं, रडते आहे. हसत होती. म्हणाली, "ताई चुकीचं काय बोलली? मला तरी कोणी विचारलं होतं?" आणि दुकानदाराला न विचारता एका गादीवर जाऊन बसली. मी तिच्यावर ओरडले. भर रस्त्यात, ऐंशीला आलेल्या बाईवर. तिने गादी दाबून बघितली.

चष्मेवाल्याने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर दुरुस्त कागद आला नाही तर फाईल बंद, आणि आई इथेच. वहिनींना नमस्कार. मावशीला तू काय सांगायचं ते सांग.

राग गिळायचा प्रयत्न करणारी,
तुझी धाकटी बहीण
(मावस. याचा पुरावा मागू नकोस.)

ता. क. वरचं मावशीला वाचून दाखवू नकोस. खरं काम एवढंच आहे: तिला पुन्हा एकदा नोटरीकडे ने, आणि या वेळी आत तिच्याजवळ बस. सासरचं नाव मान्य आहे असं तिने लिहायला नको. "जिला सासरचे लोक आगाऊपणे या नावाने हाक मारतात ती माझीच बहीण" एवढं लिहिलं तरी पुरे. "आगाऊपणे" चालेल. मी चष्मेवाल्याला विचारून घेतलंय.

आणखी ता. क. आईने माझ्या मागे उभं राहून हे सगळं वाचलं. तिला नवा कागद नको आहे. ती म्हणते, ताईचं बरोबर आहे, पासपोर्टच बदला आणि त्यावर माहेरचं नाव घाला. चष्मेवाल्याला परस्पर फोन करून तिने विचारलंसुद्धा. होईल म्हणाला, पण वर्ष लागेल. आई म्हणते, लागू दे. मी विचारलं, आणि वर्षभर मावशीचं काय? तेव्हा ती उठून आत गेली. दादा, ती बाहेर यायच्या आत मावशीला नोटरीकडे ने. आणि हे मावशीला कळू देऊ नकोस. खूश होईल, आणि मग दोघी मिळून मला ऐकायच्या नाहीत.

सकाळी हे पत्र पाकिटात घालत होते तेव्हा फोन वाजला. मावशी होती. वहिनींनी तिला सांगितलेलं दिसतंय. गाडी दारात उभी आहे, नोटरीकडे निघाले आहे, म्हणाली. मग घसा साफ केला, आणि आईचं सासरचं नाव घेतलं, तिन्ही शब्द, शाळेत कविता म्हणून दाखवावी तसं, आणि या बाई घरी आहेत का, असं विचारलं. मी आईला फोन दिला. आईने ऐकून घेतलं. "नाही हो, चुकीचा नंबर," म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. मी कामावर निघाले तेव्हा दोघी अजून बोलत होत्या, आणि मावशीच्या दारातल्या गाडीचा हॉर्न फोनमधून मलाही ऐकू येत होता.