दुसऱ्या जगात आत्याबाई नसतात

१९ ऑक्टोबर
आजपासून मंगा बंद. पक्कं.

दिवाळीचा सीझन, दुकानात झेरॉक्स, रिचार्ज, पासपोर्ट फोटो, सगळ्याची गर्दी, आणि मी काउंटरखाली मोबाईल धरून जपानी चित्रकथा वाचत बसतो. वय एकोणतीस. आमच्या या धानपट्ट्यातल्या गोरेगावात या वयाच्या माणसाची दोन पोरं शाळेत जातात.

गोष्ट तशी साधी आहे. गोदामातला एक कारकून ट्रकखाली येतो आणि दुसऱ्याच जगात जागा होतो. तिथे राजा, किल्ले, ड्रॅगन आणि एक फारसा न बोलणारा सरदार. कारकुनाचं आणि सरदाराचं जुळतं. दोघंही पुरुष. मी फक्त चित्रांसाठी वाचतो. शेडिंग फार चांगलं असतं.

आपल्या रस्त्यावरूनही धानाचे ट्रक कमी जात नाहीत. पण त्यांच्याखाली आलेला कोणी राजवाड्यात उठला असं अजून ऐकलं नाही.

२० ऑक्टोबर
एक चॅप्टर वाचला. नवीन आला होता. बंद करायचे ते जुने, नव्याबद्दल काल काही ठरलं नव्हतं.

संध्याकाळी हेमेंद्र आला. राइस मिलमध्ये सुपरवायझर आहे, शाळेपासूनचा दोस्त. मिल सुटली की दुकानात येतो, दुसऱ्या खुर्चीवर बसतो, आणि आम्ही एक चहा दोघांत घेतो. त्याच्या भुवयांवर मिलमधला धानाचा कोंडा बसलेला असतो आणि त्याला पत्ता नसतो. उजव्या भुवईवर जास्त. हे निरीक्षण आहे. धंद्यात निरीक्षण लागतं.

२५ ऑक्टोबर
गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. घर पाहुण्यांनी भरलं. मंडईला लोक दंडारीच्या खेळाच्या आणि जिलेबीच्या नावाने येतात आणि जावई पाहून जातात.

जमुनाबाई आत्या दरेकशाहून आली. पिशवी ठेवायच्या आधी मोबाईल काढला आणि एक फोटो दाखवला. तिच्या दिराची मुलगी, दुर्गेश्वरी, बी.एस्सी. म्हणे, पोरगी हुशार आहे, तू हो म्हण, साक्षगंध एका महिन्यात उरकून टाकू. आई तर लगेच साखरपुड्याच्या पाहुण्यांची संख्या मोजायला लागली.

मी डोकं वापरलं. म्हटलं, आत्या, माझं दुकान अजून सेट व्हायचं आहे. हेमेंद्रला दाखव. परमनंट नोकरी, घरी शेती, आपल्याच समाजातला. आत्याने मला खालून वर पाहिलं. म्हणे, लोकाच्या लगनाची तुले मोठी काळजी, सोताच्या वेळी काऊन पळतेस?

पण चाल जबरदस्त. हेमेंद्र नाही म्हणणार हे मला माहीत आहे. त्याला लग्नात इंटरेस्ट नाही. इतक्या वर्षांत कोणत्याच मुलीबद्दल तो माझ्याशी बोललेला नाही. एका दगडात आत्याही गप्प आणि हेमेंद्रही मोकळा.

२६ ऑक्टोबर
हेमेंद्र म्हणाला, पाहाले काय जाते गा, जाऊन येऊ.

औपचारिकता म्हणून म्हणाला असेल. स्वभावाने सभ्य आहे.

२९ ऑक्टोबर
या कथांची लोकांना एवढी आवड का, यावर आज विचार केला. निव्वळ अभ्यास म्हणून.

त्या जगात आत्याबाई नसतात. कारकून नव्या राज्यात येतो तेव्हा कोणाचा पोरगा, कुळ कोणतं, शेती किती, कोणी विचारत नाही. मागचं सगळं ट्रकखाली गेलेलं असतं. भीती असते, पण ती ड्रॅगनची. ड्रॅगन समोरून येतो, जिलेबी खात बाजूला बसून विचारत नाही की यंदा तरी करतेस ना.

दुसरा मुद्दा. सरदार आणि कारकून एका तंबूत झोपतात तेव्हा अख्ख्या सैन्यात कुजबुज होते. इथे मी आणि हेमेंद्र मंडईच्या रात्री घरी एका खाटेवर झोपलो, तर आई येऊन आमच्यावर एकच चादर घालून गेली. कोणाच्या मनातच येत नाही. आधी वाटायचं हे बरं आहे. आता वाटतं, कोणी विचारतच नाही तर सांगायचं कधी?

म्हणजे कोणाला काही सांगायचं असेल तर. मी जनरल लिहितोय.

२ नोव्हेंबर
दरेकशाला मुलगी पाहायला गेलो. हेमेंद्र, त्याचे वडील यादोराव काका आणि मी. मित्र म्हणून प्रश्न मीच विचारायचे असं ठरलं. माझा प्लॅन तयार होता. असे प्रश्न टाकायचे की मुलीकडूनच नकार यावा.

विचारलं, मिलवाल्याच्या घरी दिवसभर धूळ, चालेल का? म्हणाली, आमच्या घरी मोहफुलं वाळवतो, धुळीचं काय. विचारलं, सीझनमध्ये हा घरी फार उशिरा येतो. म्हणाली, मले पुढं शिकाचं आहे, तेवढा वेळ पुस्तकाले भेटते. यादोराव काका खूश. मला म्हणाले, प्रश्न बढिया विचारतेस रे तू.

मग तिने आमच्याकडे, म्हणजे हेमेंद्रकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, तुमच्या भुवईले कोंडा लागून आहे.

हेमेंद्रने पुसला. लाजला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला लाजताना पाहिलं.

मी तो कोंडा इतकी वर्षं पाहतो आहे. मला कधी सांगावंसं का वाटलं नाही, कळत नाही. पोह्यांत मीठ कमी होतं.

७ नोव्हेंबर
साक्षगंधाची तारीख निघाली, ३० नोव्हेंबर. आत्या सगळ्यांना सांगते की जोडी उमेंद्रने, म्हणजे मी, लावली. आईने देवापुढे साखर ठेवली.

घाबरायचं कारण नाही. हेमेंद्र दबावाखाली आहे. पुरावे माझ्याकडे आहेत. गाडीवर मागे बसला की माझ्या खांद्यावर हात ठेवतो. चहाचा पहिला घोट मला देतो. मागच्या उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला तेव्हा मिलला दांडी मारून दवाखान्यात बसून राहिला. असं कोणी उगाच करत नाही. त्याला फक्त कोणीतरी स्पष्ट बोलायला हवं.

कारकून लढाईच्या आदल्या दिवशी तळ्याकाठी स्पष्ट बोलतो. आपल्याकडे नवेगाव बांध आहे. तळं त्याच्यापेक्षा मोठं.

१३ नोव्हेंबर
नवेगाव बांधला जाऊन आलो. वाक्य पाठ होतं. वारा चांगला होता, पाण्यावर पक्षी उतरले होते, आणि बांधावर आम्ही दोघंच.

मी म्हटलं, हेमेंद्र, एक गोष्ट सांगायची आहे. तो म्हणाला, थांब एक मिनट, दुर्गेश्वरीले तलाव दाखवाचा आहे. व्हिडिओ कॉल लावला. मग म्हणाला, तू धर ना मोबाईल, आम्ही दोघं दिसलो पाहिजे, मी आणि तलाव.

धरला. तिला पक्षी दाखवले, बांध दाखवला, होड्या दाखवल्या. ती म्हणाली, उमेंद्रभाऊ, बोट मधात येऊन राहिलं तुमचं.

परतताना हेमेंद्रने विचारलं, काय सांगून राहिला होता गा? मी म्हटलं, दुकानात नवीन कलर प्रिंटर घेतोय. तो मनापासून खूश झाला. मला रडू येत होतं, पण गाडी मी चालवत होतो.

१६ नोव्हेंबर
बोलणं हा आपला प्रांतच नाही. आपला प्रांत झेरॉक्स.

नवीन प्लॅन. दिवाळीत आलेला मंगाचा शेवटचा चॅप्टर त्याला वाचायला द्यायचा. त्यात सगळी गोष्ट थोडक्यात पुन्हा येते. वेशीवरची पहिली भेट, सरदार विचारतो तू कोण. मग भांडण, मग मैत्री, मग लढाई, आणि शेवटच्या पानावर दोघं नदीच्या घाटावर एकमेकांना धरून उभे. त्या पानावर मी प्रत्येक वेळी थांबतो. तिथे सरदार बोलतो. अख्ख्या कथेत एकच वाक्य मनापासूनचं.

इंग्रजी खोडून फुग्यांत आपल्या भाषेत लिहायला घेतलं, हेमेंद्रला परकं वाटू नये म्हणून. सरदार म्हणतो, तू कोण गा? कारकून म्हणतो, मले काऊन मारून राहिला? घाटावरचं वाक्य कितीदा खोडलं. शेवटी लिहिलं, चाल, घरी जाऊ.

१८ नोव्हेंबर
काम सुरेख झालं. मध्ये पिना मारून वहीसारखं पुस्तक केलं. ग्राहकाला मी असं कधी करून दिलेलं नाही.

हेमेंद्रला दिलं. म्हटलं, वाच आणि मनात काय येतं ते सांग. हे वाचून ज्याला कळणार नाही तो दगड.

२२ नोव्हेंबर
हेमेंद्र आला. पुस्तक काउंटरवर ठेवलं. म्हणाला, वाचलो. मस्त आहे, पण लय खराब वाटलं यार.

मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, काय खराब वाटलं?

म्हणाला, पहिले दोघं कसे गळ्यात गळा घालून उभे आहेत, चाल घरी जाऊ म्हणून राहिले. मंग लढाई होते. मंग भांडण. आणि आखरीले तो सरदार त्याले वळखतच नाई, इचारते, तू कोण गा? असंच होते पण. लगन झालं का दोस्त लोक असेच दूर होऊन जाते. मी समजलो, तू माह्या लगनाच्यासाठी देल्लास. टेंशन नको घेऊ, मी तुले इसरणार नाई.

जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात. आमच्याकडच्या हिशोबाने जिथे पुस्तक संपतं तिथून. मला इतकी सवय झाली आहे की सांगायचं राहून गेलं. त्याने आपली वही उघडतात तसं उघडलं आणि डावीकडून वाचलं.

एक वाक्य बोलायचं होतं. उलटं वाचलं तू, बस एवढं. पुस्तक समोर होतं, खुर्चीवर तो होता, ग्राहक कोणी नव्हतं. मी म्हटलं, हो, असंच असतं. चहा पिऊन तो गेला. भुवया स्वच्छ होत्या.

२३ नोव्हेंबर
मोठी गोष्ट! पुस्तक उघडून पाहिलं तर घाटाचं पान नाही. नीट फाडून घेतलं आहे. बाकी सगळी आहेत.

म्हणजे त्याने ते पान ठेवून घेतलं. का ठेवेल माणूस? वेशीचं नाही, लढाईचं नाही, नेमकं तेच. त्याला सगळं कळलं आहे. काउंटरवर जे बोलला ते लाजून बोलला.

विचारायचं नाही. घाई करायची नाही. तो सरदार आहे, योग्य वेळी बोलेल. साक्षगंधाच्या आधी नक्की बोलेल.

२६ नोव्हेंबर
बोलला नाही. मिलमध्ये नवीन धानाची आवक आहे, वेळ मिळत नसेल.

२९ नोव्हेंबर
फोन आला! धावत उचलला. म्हणाला, उद्या फोटो तूच काढजो, दुसऱ्यावर माहा भरोसा नाई.

भरोसा. हा शब्द त्याने सहज वापरलेला नाही.

३० नोव्हेंबर
साक्षगंध झालं. फोटो चांगले आले. अंगठी घालताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली. तो म्हणाला, आला का नीट?

म्हटलं, आला.

१ डिसेंबर
सकाळी आत्या हेमेंद्रच्या घरून आमच्या वाट्याचे लाडू घेऊन आली. गडबडीत डबा मिळाला नाही म्हणून हेमेंद्रच्या आईने हाताला लागला तो कागद घेऊन बांधून दिले, असं म्हणाली.

कागद सोडला. घाट. दोघं एकमेकांना धरून उभे, सरदाराच्या तोंडावर तुपाचा मोठा डाग, आणि वर माझं अक्षर, चाल, घरी जाऊ.

आई म्हणाली, कागद कायले पाहून राहिला, लाडू खाय. आत्या म्हणाली, आता तुह्यासाठी पाहातो, यंदा सोडत नाई.

मला हेमेंद्र आवडतो. शेडिंग नाही, निरीक्षण नाही, अभ्यास नाही. इतकी पानं लिहून झाली आणि हे इथेसुद्धा लिहायला आजचा दिवस लागला. त्याला काही माहीत नाही. कदाचित त्याने पान ठेवलं असेल आणि आईच्या हाती लागलं असेल. कदाचित त्यानेच चहा ठेवायला फाडलं असेल. विचारणार नाही.

लाडू खाल्ला. संध्याकाळी दुकानात सवयीने एकच चहा सांगितला. हेमेंद्र दरेकशाला गेला होता. सगळा मलाच प्यावा लागला.