बाहेरचं चाक

३ मे
खालच्या शेतात ट्रॅक्टर पुन्हा रुतला! बर्फ कधीच वितळलं, माती मात्र अजून लोण्यासारखी. मागच्या चाकांना बाहेरून जोडचाकं लावल्याशिवाय पेरणी होणं नाही. याल्मारी म्हणतो, "उद्या शेजारचा कौको लोडर घेऊन येतोय. साखळीनं धरू चाक. थांब ना, ताई."
थांबायचं! शेजाऱ्यांचे ओट पेरून झाले.

४ मे
याल्मारीचा पाय मोडला. लिहवत नाही.

५ मे
लिहितेच. मीच म्हटलं, "दोघं आहोत की! का बायकोला विचारून येतोस?" धाकटा भाऊ तो — टोमणा लागला. ट्रॅक्टर शेतातून काढून अंगणातल्या उतारावरच उभा केला होता. माझ्या उंचीचं ते चाक आम्ही ढकलत नेऊन टेकवलं. तो एका हातानं चाक धरून दोन्ही चाकं जोडणारे आकडे अडकवायला वाकला. मला वाटलं, बसलं. पाना घ्यायला वळले — दोन्ही हात काढून!
चाक त्याच्या पायावर कलंडलं. तो ओरडला नाही. "ताई" एवढंच म्हणाला.
हॉस्पिटलात त्यानं डॉक्टरांना सांगितलं, "माझा हात सुटला." मी शेजारीच उभी. तोंडात गुळणी धरून.

८ मे
मिर्या राय धान्याची भाकरी घेऊन आली. "ताई, तुम्ही होतात म्हणून नवरा वाचला माझा." माझा हात किती वेळ सोडेचना.
भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवून दिली.

११ मे
कौको आला. ट्रॅक्टर सपाट जागी घेतला, चाकांना ठोकळे लावले. बाहेरचं चाक लोडरला साखळीनं टांगलं, मग समोरासमोरचे आकडे आळीपाळीनं आवळले. शेताला फेरी मारून आला, पुन्हा आवळले. झालं! एवढंच होतं!
"याल्मारीला इतकं साधं कळू नये?" म्हणाला.
मी मान डोलावली. डोलावली!

१२ मे
पेरणी सुरू.

१६ मे
अजून याल्मारीच्या तोंडून माझं नाव नाही. पाठीशी घालतोय मला. मोठी मी, आणि सांभाळतोय तो.

१९ मे
घरी आलाय, कुबड्यांवर. मिर्या स्वयंपाकघरात गेली तसा हळूच म्हणाला, "ताई, माफ कर. माझा हात सुटला. तूही सापडली असतीस त्याखाली. डोळे मिटले की तेच दिसतं."
पाठीशी घालत नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटत होतं!
"मी सोडलं चाक, याल्मारी. मी."
कुबड्या भिंतीला टेकवल्या त्यानं. मग हाक मारली — "मिर्या, इकडे ये जरा. ताईला काहीतरी सांगायचंय."