पंपहाऊसमागची तिघींची गँग

३ एप्रिल, सोमवार

दादाचा फोन! सत्तावीस वर्षांनी! दुकानात काच घासत होते, अनोळखी नंबर, वाटलं चष्म्याची चौकशी असेल. तर पलीकडून तोच घोगरा आवाज — "चष्मिष, जिवंत आहेस का गं?" हातातली काच पडली. गिऱ्हाइकाची होती. फुटली ती फुटलीच.

दादा म्हणजे मुलगीच. आमच्या गँगची म्होरकी, म्हणून दादा. दुसरी बोबडी, तिसरी मी. तेव्हा नववी संपलेली, वय पंधरा. आता दादा या पंधरा तारखेला येतेय, एका दिवसासाठी. मी "ये की" म्हटलं, पण कोरडंच. त्या उन्हाळ्यात न सांगता निघून गेली होती ती. साधी चिठ्ठीसुद्धा नाही! तो राग अजून आहे, खोटं कशाला बोलू.

५ एप्रिल

जेवताना लेकीला पुन्हा गँगच्या गोष्टी. ती पोट धरून हसत होती. नवरा म्हणाला, "पोरीला नको ते काय शिकवतेस?" म्हटलं, तुमच्या लहानपणी काही घडलंच नाही, त्याला मी काय करू!

काय दिवस होते ते! कंटाळा तर असा की भिंतीवरच्या पाली मोजायचो. सिनेमातले भाई बघून बघून दादानं गँग काढली. बाबांच्या दुकानातले न खपलेले काळे गॉगल मी पळवले. कॉलर ताठ करून तिघी पाण्याच्या टाकीखालच्या पंपहाऊसमागे बसायचो, काचेवर किमतीची चिकटपट्टी तशीच. शत्रू तर हवाच, म्हणून समोरच्या इमारतीतल्या चौथीच्या पोरांना धमकावलं. खंडणीत एक बॅट मिळाली. संध्याकाळी त्यांच्या आईनं कान पिळून ती परत नेली.

आणि दारू. दादाच्या वडिलांच्या कपाटातली रम. काढली तेवढा कोरा चहा बाटलीत भरून ठेवायचो. पेला एका दमात संपवायचा, थांबली ती गोगलगाय. घसा जळायचा, डोळ्यांत पाणी. गॉगल होते म्हणून बरं!

मला आजही तिथं जाऊन बसावंसं वाटतं.

६ एप्रिल

लेकीची फर्माईश — "आई, बोबडी पडली ती सांग ना!" सांगितली. कितव्यांदा कोण जाणे.

दादानं परीक्षा ठेवली होती. चार पेले प्यायचे आणि टाकीची लोखंडी शिडी चढायची. बोबडी सहाव्या पायरीवरून पडली, डोकं आपटलं. उठली, हसली, आणि मग झोपली ती हलवून उठेना. पंपवाल्या काकांनी दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, "प्यायलीय ते कळलं. पडली-बिडली का कुठे?" मी हाताची घडी, तोंडावर बोट! गँगमधलं कुणी बोलत नसतं. डॉक्टर ओरडले, बोबडीची आई हात जोडत होती. मी हूं की चूं केलं नाही. तरी त्यांना काय ते समजलंच, बोबडी वाचली.

लेक म्हणाली, "तू भारी होतीस!" होतेच मुळी.

१० एप्रिल

लेकीच्या मैत्रिणी तिला "दादा" म्हणायला लागल्यात! ऐकून इतकं गोड वाटलं.

१२ एप्रिल

दुकानातले तीन गॉगल गायब. मनातल्या मनात हसले. पोरगी आईवर गेलीय.

१५ एप्रिल, शनिवार

दादा आली. केस पिकलेत, बस चालवते, दंड अजून तसेच. पहिला तासभर नुसतं हसणं. कोऱ्या चहाची बाटली तिच्या वडिलांनी पाहुण्यांपुढे ठेवली होती, ते मला आज कळलं!

मग विचारलंच. "न सांगता का गेलीस गं?"

तिनं कप खाली ठेवला. "तुला काय तोंड दाखवणार होते? गँगशी फितूर झाले होते मी."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. मी आत डॉक्टरांसमोर ताठ उभी होते, तेव्हा ती बाहेर नर्सचा हात धरून रडत होती. शिडी, पेले, डोकं, सगळं सांगून मोकळी झाली. नर्स धावत आत गेली. तिथून बोबडीला मोठ्या दवाखान्यात, तिथं ऑपरेशन. "आणखी तासभर गेला असता तर बोबडी गेली असती, असं म्हणाले." दोन दिवसांनी वडिलांनी दादाला मावशीकडे पाठवलं. मी तिच्या तोंडावर थुंकेन असं तिला वाटत होतं. सत्तावीस वर्षं!

आणि मी रुसून बसले होते. बोबडी आज दोन लेकरांची आई आहे, ती दादा बोलली म्हणून. मी मूग गिळून बसले, आणि त्याचीच शेखी मिरवत आले. लाज वाटतेय. दादाला मिठी मारली, पण सॉरी म्हणायला तोंड उघडेना.

१६ एप्रिल

दिवसभर डोकं उठलंय. लेकीला सांगायला हवं. आज तिच्या डोळ्याला डोळा देववला नाही.

१७ एप्रिल, सोमवार

सकाळी लेकीला खरा शेवट सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "आई, शुक्रवारी आम्ही पण परीक्षा ठेवली होती. तुमच्यासारखीच. आमच्यातली एक शिडीवरून पडली. तिच्या घरी कुणाला माहीत नाही. काल तिला दोनदा उलटी झाली."

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. पडलेल्या पोरीची आई माझ्या शेजारी आहे. आत माझी लेक डॉक्टरांशी बोलतेय.