नंतर या

४ जानेवारी
आज मृत्युपत्राचा विषय काढला. चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, सकाळी सकाळी हे काय अभद्र!" सकाळी नको, मग कधी? संध्याकाळी लेकीला फोन केला. "पुढच्या खेपेला आले की निवांत बोलू." वा! जन्मभर विमा विकला. 'उद्या तुम्ही नसलात तर?' असं विचारून विचारून परक्यांची घरं सावरली — आणि स्वतःच्या घरात मला कुणी दारात उभं करत नाही!

९ जानेवारी
बायकोला सांगून टाकलं, मी आधी जाणार. बायपास माझी, साखर माझी, वयही सहा वर्षांनी माझंच जास्त. ती म्हणाली, "बरं. जाताना दार ओढून घ्या."
हिची थट्टेची खोड काही जायची नाही! मी दिवसभर फिरून यायचो तेव्हा दार उघडून विचारायची, "कोण हवंय आपल्याला?" मी म्हणायचो, "विम्याचा एजंट." की ही — "आमचे हे घरी नाहीत. नंतर या!" मग खो खो हसत हातातली बॅग घ्यायची. दिवसभर लोकांनी 'नंतर या' म्हणून पिटाळलेलं असायचं, पण हिच्या तोंडून ऐकलं की शीण जायचा.

२२ जानेवारी
मृत्युपत्र झोकात लिहून वकिलाकडे नेलं. घर कोणाला, ठेवी कोणाला, मी अंथरुणाला खिळलो तर कोणी काय करायचं — सगळं! त्याने चष्मा वर सरकवला. "काका, घर काकूंच्या नावावर. ठेवी काकूंच्या नावावर. तुमचं आहे काय?"
विचार केला. स्कूटर.
हे मीच करून ठेवलंय, माझ्यामागे तिला खेटे घालायला लागू नयेत म्हणून. "मग मृत्युपत्र काकूंचं हवं," वकील म्हणाला. "आणि मुखत्यारपत्रही. पुढेमागे त्यांना झेपलं नाही तर घर विकून औषधपाणी करायचं म्हटलं तरी तुम्हाला विकता येणार नाही."
तिला काय धाड भरलीय!

२३ जानेवारी
बायकोला म्हटलं, सही करायला चल. "करू की. घाई काय आहे?" तीही त्यांच्यातलीच.

६ फेब्रुवारी
बायको विचारते, दाराला हा हिरवा रंग कोणी दिला? गेल्या वर्षी रंगाच्या दुकानात हिनेच माझं डोकं खाल्लं होतं, ह्याच हिरव्यासाठी! म्हटलं, "तुझ्या सासऱ्यांनी." तिने मान डोलावली. थट्टेला थट्टा!

१४ फेब्रुवारी
लेक येऊन राहून गेली. जुने फोटो काढले, हसलो, खिदळलो. निघताना जिन्यात हळूच म्हणाली, "बाबा, आई मला सारखी विचारत होती, कधी आलीस म्हणून." म्हटलं, तू येतेस तरी कितीदा! चांगली जिरवली. मूळ विषय राहूनच गेला.

३ मार्च
अखेर वकिलाकडे. चिरंजीवांनी रजा काढली, म्हणजे बघा! घोडं अडलं ते सहीपाशी. बायकोने पेन घेतलं आणि ठसठशीत, वळणदार सही केली. माहेरच्या नावाची! मी ओरडलो, "ही काय थट्टेची जागा आहे?" ती गोरीमोरी झाली. "चुकलं का हो?"
वकिलाने कागद हळूच ओढून घेतला. "काका, आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी लिहून दिल्याशिवाय मला सही घेता येणार नाही." मी त्याच्यावरच उखडलो. चिरंजीव खिडकीबाहेर बघत राहिले.

५ मार्च
आता दोन्ही मुलं रोज फोन करतात. "बाबा, त्या विषयाचं काय?" आता! डॉक्टर विचारणार, हे कधीपासून. म्हणून ही वही बॅगेत टाकली.

७ मार्च
दवाखान्यात नंबर लावून आलो. किल्ली घरातच राहिली होती. बेल वाजवली. बायकोने दार उघडलं. "कोण हवंय आपल्याला?"
किती वर्षांनी! इतकं बरं वाटलं. म्हटलं, "विम्याचा एजंट."
"आमचे हे घरी नाहीत," ती म्हणाली. "नंतर या."
जिन्यात बसून लिहितोय. आतून कडी आहे.