रत्नप्रभामसाले डॉट इन

सुयोगदादा,

मी विक्रोळीला मैत्रिणीकडे राहायला जातेय. आईला जेवणानंतर बीपीची गोळी दे, ती स्वतःहून घेत नाही. डाळ फ्रिजमध्ये आहे.

साइट उघडत नाही म्हणून काल तू त्या होस्टिंगवाल्या विकीला शिव्या घातल्यास. त्याची काही चूक नाही. त्याच्याकडे साइट ठेवलेली असते, पण आईच्या नावाचं ते डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, वेगळं नोंदवावं लागतं. ते कायमचं आपलं होत नाही, मुदत संपायच्या आत रिन्यू करावं लागतं. तुझं कार्ड बदललं, पैसे कापले गेले नाहीत, आणि आठवण करून देणारे सगळे मेल माझ्याकडे आले. मी ते वाचले आणि गप्प बसले. नाव मोकळं झाल्यावर माझ्या नावावर नोंदवलं.

मुलुंडच्या दुकानाच्या उद्घाटनाला कोणीतरी विचारलं, "ही कोण?" तू म्हणालास, "बहीण आहे, ऑर्डरी टाइप करते." मसाले मी भाजत होते रे, इतकी वर्षं.

तुझ्या प्रत्येक पाकिटावर तो पत्ता छापलाय. उद्यापासून तो टाकला की गिऱ्हाइकाला माझं दुकान दिसेल. फोन करू नकोस. रडलास तरी परत देणार नाही.

आईला यातलं काही माहीत नाही. तिचं नाव तुझ्या हातून गेलं, हे तूच तिला सांग. माझं बोलणं तिला कधी खरं वाटत नाही, तुझं लगेच वाटतं.

श्रुतिका